वहिनीची करंगळी

माझी वहिनी एर्मिनिया कशी आहे, हे गावात कुणालाही विचारा. चांगलंच सांगतील. म्हणून मला विचारा.

एकतीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. तिथे खिमा करायचं यंत्र होतं. ते धुवायला हात घालण्याआधी ती वायर काढायची, मग ती खरंच निघालीय का ते बघायची, आणि मग पुन्हा एकदा बघायची. माझा थोरला भाऊ उबाल्दो तिला हसायचा. तिची दहाही बोटं शाबूत आहेत, एवढं कबूल करतो.

उबाल्दो गेला तेव्हा त्याची दुनळी बंदूक तिने माझ्या हातात ठेवली. "भाऊजी, ही माझ्या खांद्याला लाथ मारते. तुम्हीच न्या." मी नेली, आणि बंदुकीबरोबर खिंडीतली जागाही आपलीच झाली असं धरून चाललो. रानडुकरांच्या हाक्याला आमच्या टोळीत प्रत्येकाची जागा आमचा म्होरक्या ग्वेरिनो ठरवतो. कुत्री खालच्या रानातून डुकरं उठवतात आणि दहातली सहा त्या खिंडीतूनच वर येतात. तीस वर्षं ती जागा उबाल्दोची होती. तीस वर्षं मी शेजारच्या उतारावर उभा राहून त्याचे बार मोजले.

वर्ष उलटायच्या आत वहिनीने शिकारीचा परवाना काढला. वय अठ्ठावन्न. डॉक्टरचा दाखला, परीक्षा, सगळं पहिल्या फटक्यात. मी त्याच परीक्षेत दोनदा आपटलो होतो, ते गाव अजून विसरलेलं नाही.

बंदूक घ्यायला तिला गुब्बिओ शहरात मीच गाडीतून नेलं. चुकीची घेईल या आशेने नेलं, खोटं कशाला बोलू? दुकानात मी नक्षीदार, चकचकीत अशी एक पुढे केली.

"ही घ्या वहिनी. शोभून दिसाल."

"शोभायला मी काय लग्नाला निघालेय?"

तिने डझनभर बंदुका डोळे मिटून खांद्याला लावल्या, आणि डोळे उघडून नजर नळीवरून सरळ जाते का ते पाहिलं. शेवटी एक काळी, मळकट दिसणारी सेमी-ऑटोमॅटिक निवडली. बार उडाला की त्याच जोरावर पुढचं काडतूस आपोआप आत येतं, त्यामुळे खांद्याला धक्का कमी बसतो, असं दुकानदार म्हणाला. दस्त्यात पातळ पट्ट्या घालून त्याने ती तिच्या मापाची करून दिली. वहिनीने एकच प्रश्न विचारला.

"दुनळी मधून उघडून हातावर टाकली की रिकामी आहे हे दहा पावलांवरून दिसतं. ही तर मोडत नाही. मग लोकांना कळणार कसं?"

"हा बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं झाकण, मागे ओढून तसाच अडकवा," दुकानदार म्हणाला. "खालची काडतुसं साठवायची नळी बघा, वरची बाराची बघा. आणि मग बोट घालून बघा. संध्याकाळी डोळे फसवतात."

तेव्हापासून वहिनी आली की आधी बंदुकीचं तोंड जमिनीकडे, बोल्ट उघडा, करंगळी आत, आणि मग रामराम. "काय वहिनी, मीठ चाखताय का?" असं मी एकदा म्हणालो. सगळे हसले. तीही हसली, तेच मला आवडलं नाही.

नोव्हेंबरात ग्वेरिनोने जागा वाचल्या. "खिंडीत एर्मिनिया."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "का म्हणून?"

"हाका संपल्याचं शिंग वाजेपर्यंत ती जागची हलत नाही. आणि नीट दिसल्याशिवाय बार टाकत नाही. तू हलतोस, सेत्तिमिओ. गेल्या साली अळंबी खुडायला गेला होतास."

पहिल्याच रविवारी तिने दोन डुकरं पाडली. तिसरं आलं तेव्हा त्याच्या मानेला कुत्रं लटकलेलं होतं, म्हणून तिने बंदूक खाली घेतली. टोळीने त्या तिसऱ्याचंच जास्त कौतुक केलं. न मारलेल्या डुकराचं कौतुक मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी ती नक्षीदार सेमी-ऑटोमॅटिक घेऊन आलो. दुकानदार समजावून सांगायला लागला. "चाळीस वर्षं बंदूक धरतोय," म्हणून मी त्याला गप्प केलं.

मग मी ग्वेरिनोच्या मागे लागलो. तो कंटाळला आणि म्हणाला, "एक रविवार खिंडीत उभा राहून दाखव. मग बघू."

मी उभा राहिलो. नाक खाजलं तरी हात वर नेला नाही. एकही डुक्कर आलं नाही. दुपारी शिंग वाजलं. मी खालच्या नळीतली दोन काडतुसं काढून खिशात टाकली आणि टोळीच्या झोपडीकडे निघालो. चाळीस वर्षं दुनळी वापरलेल्या हाताला एवढंच ठाऊक, की दोन निघाली म्हणजे संपलं. हिच्यात तीन असतात. दोन खाली, आणि एक वर, नळीत.

झोपडीत मक्याचं पिठलं शिजत होतं. नक्षी सगळ्यांना दिसावी म्हणून मी बंदूक बाकावर आडवी ठेवली. वहिनी समोर बसली होती. सगळे पातेल्याभोवती गेले तशी ती उठली.

"बघू तुमची नक्षी, भाऊजी."

तिने बंदुकीचं तोंड भिंतीकडे वळवलं आणि बोल्ट ओढला. काडतूस तिच्या तळहातात पडलं. तिने ते माझ्या खिशात टाकलं, करंगळी घालून पाहिलं आणि बंदूक परत ठेवली.

"माझ्या गुडघ्यांवर रोखलेली होती," ती हळूच म्हणाली, आणि ताट वाढून घ्यायला गेली.

भरलेली बंदूक झोपडीत आणली तर उरलेला हंगाम बाहेर, हा आमचा नियम. तेवढ्यात ग्वेरिनोने माझ्या पाठीवर थाप मारली.

"आज हलला नाहीस गड्या. हंगाम संपेपर्यंत खिंड तुझी."

तीस वर्षं हे ऐकायला थांबलो होतो. वहिनी पाव कापत होती. तिची जागा जात होती, एका शब्दात तिला ती राखता आली असती, आणि ती गप्प होती. मला लाज वाटली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त पोटात दुखलं. म्हणजे खिंडही मला मिळणार, ती हिने दिली म्हणून? प्रत्येक रविवारी तिथे उभा राहून मी हिचे उपकार आठवायचे?

मी उठलो आणि काडतूस टेबलावर ठेवलं.

"हे माझ्या नळीत होतं. इथे, आत."

ग्वेरिनोने ते काडतूस उचलून पाहिलं. "तुझा हंगाम संपला," तो म्हणाला.

गाव आता मला प्रामाणिक म्हणतं. परत येताना वहिनी माझ्या बरोबरीने चालत होती.

"माझ्यावर जळून बोललात ना, भाऊजी?"

"हो."

"असू दे. बोललात हे महत्त्वाचं."

आता रविवारी मी झोपडीत पिठलं ढवळतो. ग्वेरिनोने मला आणखी एक काम लावून दिलंय: दारात उभं राहून प्रत्येकाची बंदूक तपासायची. वहिनी सगळ्यात शेवटी येते. बोल्ट उघडलेला असतो, तिने स्वतः बघितलेलं असतं, तरी ती बंदूक माझ्यापुढे धरते. मी करंगळी आत घालतो. आज काहीतरी बोटाला लागू दे, असं दरवेळी वाटतं. अजून लागलेलं नाही.