बाबांच्या जिभेचा व्यायाम

माझ्या वडिलांचा खोकला हा मी सहा महिने टोमणा समजत होतो.

जेवताना मी काही बोललो, की बाबा पाण्याचा घोट घेत आणि खोकत. मला वाटायचं, माझ्या बोलण्यावरचं मत आहे! एकदा तर मी ताटावरून उठलो. (हे लिहितानाही लाज वाटते.) शेवटी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही घरी नसतानाही खोकतात ते."

मग धंतोलीतला दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी बाबांचं तोंड तपासलं. "आजोबा, कवळी कुठंय?"

"कपाटात. लग्नाबिग्नाले लावतो."

"आणि जेवताना?"

"जेवताना काढून ठेवतो ना! खराब होते."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा दात लावून लग्नाला जात, सगळ्यांना हसून दाखवत आणि पान वाढलं की दात खिशात टाकून वडे गिळत! आणि मी, सुपुत्र, शेजारीच बसलेला असे.

घास न चावता जातो, घसा कमजोर झालाय, पाणी भलत्या वाटेनं जातं, असं निघालं. कवळी नीट बसवून घ्या, हिरड्या आणि जीभ रोज साफ करा, घास छोटा घ्या, गिळताना हनुवटी खाली, जेवताना बोलणं बंद. शिवाय जिभेचे आणि ओठांचे व्यायाम. आणि महिनाभर सगळं मऊ! म्हणजे भातावर डाळीचे गोळे, त्यावर गरम फोडणीचं तेल, हा बाबांचा जीव की प्राण असलेला गोळाभात बंद.

"महिन्यानं परीक्षा घेऊ. पास झालात तर खा."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू गोळाभात मीच बंद केला!

प्रायश्चित्त म्हणून मी व्यायाम करून घ्यायचं पत्करलं. बाबांनी अट घातली. "मी एकटाच जीभ काढून बसू काय? लोक येडा समजतीन मले. तू बी काढ."

मी बी काढली. हुडकेश्वरच्या आमच्या व्हरांड्यात रोज सकाळी सात वाजता बापलेक जीभ बाहेर काढून बसू लागलो. समोर मेश्रामबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, झाडांना पाणी घालत असत. आठवडाभरानं ओठांचा व्यायाम सुरू झाला. त्याच दिवशी बाई फाटक उघडून थेट आत आल्या आणि माझ्या बायकोसमोर उभ्या राहिल्या.

"काय वं, तुहा नवरा अन् सासरा रोज मले जीभ काहून दाखवून राहिले? जीभ मी सहन केली. पण आज ओठाचा चंबू? तो कोणासाठी?"

मी खुलासा करायला उठलो, पण घाबरून ओठ तसेच राहिले! बायकोनं मधे पडून सगळं समजावलं. बाई खुर्ची ओढून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मले बी चहा पिताना ठसका लागते गा."

दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात तीन जिभा.

महिन्यानं परीक्षेचा दिवस आला. डॉक्टरीणबाईंनी बाबांना पाणी आणि बिस्किट दिलं. मलाही एक दिलं, माणुसकी म्हणून. बाबांनी कवळीनं बिस्किट चावलं. मला राहवेना. तोंडातलं बिस्किट तसंच ठेवून मी ओरडलो, "बाबा, हनुवटी खा–"

पुढचं मला नीट आठवत नाही. डोळ्यांतून पाणी, नाकातून बिस्किट, आणि पाठीवर बाबांचे धपाटे!

"आजोबा पास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या सोबतच्यांना कधीपासून होतंय असं?"

"लहानपणापासून," बाबा म्हणाले. "खाताना बोलते तो."

त्या दिवशी घरी गोळाभात शिजला. बाबांनी दोनदा मागून घेतला. माझा घसा सोलून निघाला होता, म्हणून मला पातळ वरण आणि गुरगुट्या भात.

"हनुवटी खाली!" बाबांनी दरडावलं.

मी मुकाट्यानं केली. तशीही वर बघायची हिंमत नव्हती.