धाकटीचा समुद्र

माझी धाकटी बहीण ठाण्याला राहते आणि मी हैदराबादला, कुकटपल्लीत. आई नाशिकला एकटी. तिथली थंडी तिच्या गुडघ्यांना सोसत नाही, म्हणून दिवाळीचा फराळ संपला की ती हिवाळाभर लेकीकडे जाते. लेकीकडे म्हणजे धाकटीकडे. दरवर्षी. "तुमच्याकडे थंडी वाजते गं," हे ठरलेलं कारण. आता मला सांगा, मी काय काश्मीरात राहते?

माझा जळफळाट होतो, उगाच कशाला लपवू. एकदा चिडून मी या थंडीचं शास्त्रच वाचायला बसले. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, म्हणून समुद्राजवळची हवा रात्रीही फारशी गार पडत नाही. ठाण्याला अंगावर चादर पुरते ती यामुळे. आमचं मात्र हे पठार. कोरडी हवा, स्वच्छ आभाळ. सूर्य बुडाला की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते, अडवायला ढग नसतो. वाचून मी लॅपटॉप मिटला. लहानपणी एसटीत खिडकीची जागा तिला, दुधावरची साय तिला, आणि आता अख्खा अरबी समुद्रसुद्धा तिलाच!

गेल्या हिवाळ्यात मात्र माझी बाजू वर आली. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. तेलंगणात ढग राहतील, रात्री उबदार होतील, असा अंदाज होता. म्हणजे आम्हालाही समुद्र होता की, जरा लांबचा. ढग जमिनीची ऊब धरून ठेवतात, गोधडीसारखे. मी तो अंदाज आईला पाठवला आणि लगेच फोन केला.

"आई, इथे पंखा लावून झोपतोय आम्ही. ये ना यंदा."

"बघू," आई म्हणाली. "धाकटीची कंबर धरलीय म्हणे. तू कशी आहेस?"

"मी मजेत. माझी काही काळजी करू नकोस."

हिची कंबर नेमकी आई निघायच्या सुमाराला धरते, हे मी मनात म्हणाले. मी आयुष्यात कधी आईपाशी कुरकुर केली नाही. अशी मुलगी आईला जास्त आवडत असणार, असं मी धरून चालले होते.

तेवढ्यात ढग पांगले. उत्तरेचं वारं सुटलं आणि असा गारठा पडला की सकाळी लादीवर पाय टेकवेना. मी लेकीला बजावलं, "आजीचा फोन आला तर थंडीचं नाव काढायचं नाही." माझी लेक इथेच जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकलेली. तिच्या मराठीत निम्मं हैदराबाद असतं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि आतून तिचा आवाज आला.

"आजी, मम्मीला खूप सर्दी होतेय. सकाळी ब्लँकेटमधून उठतच नाही."

मी धावले, पण फोन ठेवून झाला होता. "तुला काय सांगितलं होतं मी?"

"मी थंडी कुठे बोलले?" ती म्हणाली.

झालं, आता आई ठाण्यालाच जाणार, म्हणून मी दिवसभर भांडी आपटली. संध्याकाळी आईचाच फोन आला. सिकंदराबादचं तिकीट काढलं होतं.

स्टेशनवर ती उतरली ती कानाला स्कार्फ बांधून. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने माझ्या कपाळाला हात लावला. "ताप नाही ना? सर्दी कधीपासून आहे?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथे थंडीलाच सर्दी म्हणतात. नाशिकच्या आईला ऐकू आलं ते माझं वाहणारं नाक. पिशवीत सुंठ, ओवा, हळद आणि विक्सची डबी. सगळा दवाखाना घेऊन आली होती.

"अगं, पण इथे गारठा आहे. तुझे गुडघे?" मी विचारलं.

"गुडघ्यांचं काय घेऊन बसलीस. धाकटी दुखलं-खुपलं सांगते, म्हणून तिच्याकडे जाते मी. तुला विचारावं तर तू मजेत. मजेत असलेल्या माणसाकडे येऊन मी काय करू? थंडीचं आपलं म्हणायला."

मी ठणठणीत आहे, हे ओठावर आलं होतं. गिळलं.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. आई सोफ्यावर ऐसपैस बसली. "कंबर कशी आहे गं? शेकतेस ना?" मी शेजारी बसून ऐकत होते. मग मी खोकले, चांगली दोनतीनदा.

"थांब गं, तुझ्याशी नंतर बोलते," आई फोनमध्ये म्हणाली. "हिला काढा करून द्यायचाय."