व्याह्यांचा मोठा नाका

परदेशातली विजेची गाडी देशात येऊ द्यायची की नाही, हे दिल्लीत ठरतं असं लोक समजतात. माझ्या मते ते बल्लारपुरात, माझ्या व्याह्यांच्या ओट्यावर ठरतं.

व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. नगरपरिषदेच्या जकात नाक्यावर कारकून होते. गावात येणारा माल तपासायचा आणि पावती फाडायची, हे त्यांचं काम. पुढे जकात उठली, नाका मोडला, पण यांच्या अंगातून गेला नाही. अजूनही मी दारात पाय ठेवला की आधी पिशवीकडे बघतात. "काय माल हाय? खरं सांगा." मी म्हणते, "वांगी." तरी हात घालून पाहतात. एकदा वांग्यांखाली टोमॅटो निघाले, तर जेवण होईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. खोटा माल सांगून त्यांच्या हातून कोणी सुटलं नाही, सख्खा मेहुणाही नाही.

ऊर्जानगरात, वीज केंद्राच्या वसाहतीत, कुण्या साहेबाकडे पाहुणा आला होता. त्याची परदेशी विजेची गाडी व्याह्यांनी पाहिली. निळी, आणि आवाज म्हणून नाही. झालं. वावर कोळशाच्या खाणीत गेलं त्याचा पैसा होता, त्यातून तीच घ्यायची ठरली. अडली ती नाक्यावर. पेपरवाले आयातशुल्क म्हणतात, व्याही "मोठा नाका" म्हणतात.

मी चौथी शिकलेली, पण मलाही जाणून घ्यावंसं वाटलं. व्याह्यांना आम्ही इवाई म्हणतो; विचारलं, "येवढी जकात काऊन, इवाई?"

"आपल्या कारखान्यांले सांभाळाले. अख्खी गाडी बाहेरून आणली का किंमत कुठच्या कुठी जाते. सुटे भाग आणून इथी जोडले तर जकात कमी. आन् इथी कारखाना टाकतो म्हणून कंपनीनं लिहून देल्लं, तर थोड्या अख्ख्या गाड्याही कमी जकातीत सोडतात."

"मंग इथं बनलेलीच घ्या ना."

"ते कोणीही घेईन. थांबा, जकात कधी ना कधी उठतेच. माही नाई उठली?"

मागं पेपरात आलं, युरोपाशी करार झाला, मोटारींची जकात उतरणार. व्याह्यांनी गाडीला जागा करायला कोंबड्यांचं खुराडं मागं हलवलं. चार दिवसांनी आतल्या पानावर निघालं, विजेच्या गाड्यांना पहिली काही वर्षं त्यात सवलत नाही. खुराडं परत जागेवर. कोंबड्यांनी आठवडाभर अंडी दिली नाहीत.

या गाडीची वाट आणखी एक जणी पाहत होती. विहिणीची थोरली बहीण, भामरागडला. डोळे गेलेले, बाज धरलेली. व्याह्यांनी तिला फोनवर शब्द दिला होता, नव्या गाडीतच येतो. ती म्हणाली, "बिनआवाजाची हाय म्हणता. मंग तुमी आल्याचं मले कसं समजन?"

विहीण दर उन्हाळ्यात पिशवी भरायची आणि पावसाळ्यात रिकामी करायची, कारण पूर आला की तिकडचा रस्ताच बंद. यंदा वैशाखात निरोप आला, म्हातारीनं अन्न सोडलं. विहीण भरल्या पिशवीजवळ बसून राहिली. मी व्याह्यांना तोंडावर सांगितलं, "इवाई, तुमचा मोठा नाका उठन तवा उठन. ते बाई त्याच्या आधी जाईन."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एस्टीनं आलापल्लीला आणि तिथून जीपनं पुढे गेलो. जीप अशी, की पत्र्याच्या डब्यात खडे भरून हलवावे. ती बाजारातच थांबली. म्हातारीच्या घरापर्यंत आम्ही पायी गेलो.

चाहूल लागताच तिनं बाजेवरून मान वळवली. "आली वाटते तुमची गाडी, जवाई. आवाजच नाई आला."

विहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी व्याह्यांकडे. ते घाम पुसत उभे होते.

"हो," ते म्हणाले. "आली."

"कोण्या रंगाची हाय?"

"निळी."

"बसाले मऊ हाय का?"

"लय मऊ हाय, बाई."

म्हातारी हसली. त्या दिवशी बहिणीच्या हातून दोन घास खाल्ले. पहिल्या पुरात, रस्ता बंद असताना, ती गेली.

व्याही अजून पेपर वाचतात, मोठ्या नाक्याचं काही आलं की मला सांगतात. खुराडं मात्र हलवत नाहीत. परवा मी पिशवी घेऊन गेले. "काय माल हाय?" त्यांनी विचारलं.

"वांगी," मी म्हटलं.

त्यांनी पिशवीत हात घातला नाही. "असन," म्हणाले, आणि मला बसायला जागा करून दिली.