वाटीतला झेंडू

३० सप्टेंबर, मंगळवार. आजचं काम: जीपच्या मागच्या गोळ्यावरचं जुनं ग्रीस डिझेलच्या फडक्याने पुसायचं, नवं लावायचं, आणि वाटीत बोट फिरवून खडा-माती काढायची. उद्या खंडेनवमी. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात उद्या यंत्रांची पूजा आहे आणि पूजेनंतर आमच्या हातचं जेवण, दीडशे पानं. गोळ्याला घाण सोसत नाही, म्हणून हे आजच उरकायचं.

गोळा-वाटी म्हणजे काय ते आधी सांगते. आमचं स्वयंपाकघर चाकांवर आहे. ठाकुर्लीच्या आम्ही सहा जणी त्यातून पोळी-भाजी, आमटी-भात घेऊन रोज ठाण्याला जातो. या चाकांवरच्या खोलीला इंजिन नाही, जीपच्या मागे लावून ओढावी लागते. जीपला मागे मोठ्या लिंबाएवढा लोखंडी गोळा आहे आणि ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला उलटी वाटी. वाटी गोळ्यावर बसवायची आणि खटका दाबायचा. ऐकायला पुरणपोळीपेक्षा सोपं वाटतं. तसं ते नाही, हे ज्यांनी मला शिकवलं त्यांना सगळे मिस्त्री म्हणत.

जोडलेली कुठलीही वस्तू दिसली की मिस्त्री ती उचलून बघत. चहाचा कप आधी कानाला धरून बोटभर वर घेत, कान हातात राहत नाही अशी खात्री करत आणि मगच ओठाला लावत. गॅसचा रेग्युलेटर बसवला की तो धरून अख्खा सिलिंडर हलवत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, कुलूप लावून तीनदा ओढणारी. पण ती घाबरट असतात. मिस्त्री घाबरट नव्हते. त्यांना त्यात मजा यायची.

आम्हा सहा जणींतल्या शोभाच्या मुलीच्या लग्नात नवरा-नवरीच्या शेल्यांची गाठ बांधून झाली. सप्तपदी सुरू होणार, एवढ्यात मिस्त्री पाहुण्यांतून उठले, पुढे गेले आणि गाठ धरून एक झटका दिला. नवरी दोन पावलं मागे आली, नवरदेव पुढे झुकला. गुरुजी थांबले. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "चालू द्या. बसलीय."

एरवी मात्र 'बसलीय' हा शब्द त्यांना चालत नसे. आपण म्हणावं, "बसलं मिस्त्री." ते म्हणायचे, "बसल्यागत दिसतंय. उचलून बघा."

त्यांची माझी ओळख तशी जुनी. वागळे इस्टेटमध्ये मी सतरा वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते आणि त्याच रस्त्याला पुढे त्यांची पत्र्याची शेड होती. राहायलाही ते ठाकुर्लीत आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. मूळचे पाटणकडचे. कारखाना बंद पडला तेव्हा मी पन्नाशीला टेकलेली. घरी बसून रडायचा माझा स्वभाव नाही. गल्लीतल्या पाच जणींना गोळा केलं, एक जुना ट्रेलर मिळवला, दिरांची पडून असलेली जीप मागून घेतली आणि मिस्त्रींच्या शेडवर गेले.

शेडच्या भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर तीन प्रकारची कपलिंगं, म्हणजे गाडीमागे गाडी जोडायचे सांधे, ठोकलेली. दुसरी माणसं देवाचे फोटो लावतात.

"यातलं चांगलं कुठलं?" मी विचारलं.

"ओढायचंय काय?"

"स्वयंपाकघर."

"कुठनं?"

"ठाकुर्लीहून इथे. मुंब्रा बायपासने."

"म्हंजे चढ-उतार आला. रोज जोडणार कोण?"

"चालवणार मी."

"चालवणार कोण ते कुठं विचारलं? जोडणार कोण?"

"मीच की."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. म्हणजे हिला काय जमणार, असं नव्हे. बांगडीवाला पाहतो तसं, मापासाठी.

"उद्या पातेलं घेऊन या," ते म्हणाले. "सगळ्यात मोठं. आन् बाकीच्या बायाबी."

दुसऱ्या दिवशी आम्ही सहा जणी पातेलं घेऊन हजर. मिस्त्रींनी ते ट्रेलरवर ठेवलं, काठोकाठ पाणी भरलं आणि तिन्ही कपलिंगं एकामागून एक लावून त्या गल्लीत तीन फेऱ्या मारल्या. वागळे इस्टेटच्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना परीक्षेचा पेपर किती कठीण होता ते कळेल. शेजारच्या शेडमधले वेल्डर काम टाकून बाहेर आले. कुणीतरी खुर्च्या आणल्या.

पहिली पिन. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला असते ती, भोकातून खाली सोडायची. माझे दीर हेच लाव म्हणून मागे लागले होते. पिनेपेक्षा भोक मोठं, त्यामुळे ब्रेक दाबला की खडाक, सोडला की खडाक. फेरी संपली तेव्हा पातेल्यात चार बोटं पाणी कमी. "गेली आमटी," शोभा म्हणाली.

दुसरी हूक-कडी. जनरेटरच्या गाडीला असते तशी. मनगटाएवढी जाड कडी आणि तिला गिळणारा हूक. तुटायचं नाव नाही, कशीही वळवा. पण कडी हुकात नाचते आणि दांडा उचलायला आम्ही दोघी लागलो. पाणी तीन बोटं कमी.

तिसरी गोळा-वाटी. जीप निघाली आणि ट्रेलर तिच्यामागे असा गेला, जशी सासूमागून शहाणी सून. आवाज नाही. एका खड्ड्यात तेवढं पाणी उसळलं. "तो खड्ड्याचा दोष. गोळ्याचा न्हाई," मिस्त्रींनी लगेच निकाल दिला. आम्ही टाळ्या वाजवल्या. वेल्डरांनीही.

"ठरलं मग, गोळा," मी म्हटलं.

"थांबा. आता त्याच्या खोडी ऐका." त्यांनी पिन हातात घेतली. "ही खडखडती, पर खोटं बोलत न्हाई. भोकात पिन दिसली म्हंजे हाय, न्हाई दिसली म्हंजे न्हाई. गोळा झाकलेला. वरनं वाटी, बाजूला खटका, सगळं शेम दिसतं. आत बसलाय का नुसता टेकलाय, डोळ्याला कळत न्हाई. म्हनून काय करायचं?"

"उचलून बघायचं," सहा जणी एका सुरात.

ते कसं, तेही दाखवलं. दांड्याला हाताने फिरवायचा जॅक असतो. जोडून, खटका लावून झालं की तोच जॅक उलटा फिरवून दांडा वर घ्यायचा. दांड्याबरोबर जीपची मागची बाजू उचलली गेली तर गोळा वाटीत आहे. नुसतीच वाटी वर आली तर सुटलात, कारण घरासमोरच कळलं. शिवाय खालून दोन साखळ्या, एकमेकींना ओलांडून. दांडा कधी निसटलाच तर रस्त्यावर न पडता झोळीत पडावा म्हणून.

मी वीस दिवस रोज जोडलं आणि रोज उचलून बघितलं. एकविसाव्या दिवशी खंडेनवमी होती.

त्या दिवसाचं महत्त्व सांगायला हवं. आजही आमचं गिऱ्हाईक असलेल्या त्या कारखान्याच्या मॅनेजरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पूजेचं जेवण वेळेत आणि नीट झालं तर उद्यापासून रोजचं कॅन्टीन तुमचं. नाहीतर माझ्याकडे दुसरं नाव आहे." पाच जणींनी माझ्या शब्दावर हातातली धुण्या-भांड्यांची, शिवणाची कामं सोडली होती. दुसरं काही हातात नव्हतं.

पहाटे आम्ही आमटी, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि श्रीखंडाचे डबे चढवले. पुऱ्या तिथे तळायच्या होत्या. मग पूजा. जीपला हार, ट्रेलरला हार, चाकाखाली लिंबं. मी जीप मागे घेतली, आणि पाहते तर शोभा गोळ्याला हळद-कुंकू लावून नमस्कार करत होती. मला काही वावगं वाटलं नाही. चकचकीत, गोल, उभा. आमच्या बायकांना पूजेला आणखी काय लागतं? मी घाईघाईने ट्रेलरचा दांडा खाली घेतला, वाटी गोळ्यावर आली, खटका दाबला. टक् आवाज झाला. साखळ्या लावल्या. सव्वासहा झाले होते.

मिस्त्री समोर उभे. त्यांना आमच्याबरोबर यायचं होतं, शेडवर त्यांचीही पूजा होती. हातात नारळ.

"बसलं?"

"बसलं."

"उचलून बघितलं?"

"मिस्त्री, उशीर झालाय. वीस दिवस बघतेय, रोज बसतंय. चढा गाडीत."

मी असं बोलले. लपवण्यात अर्थ नाही.

त्यांनी नारळ शोभाच्या हातात दिला, धोतर सावरून खाली बसले आणि जॅक फिरवायला लागले. मी घड्याळ बघत उभी. चौथ्या का पाचव्या वळशाला बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला आणि वाटी सुटून वर आली. जीप जागची हलली नव्हती. उघड्या गोळ्यावर झेंडूची दोन टपोरी फुलं चेपून चिकटलेली, देठासकट. केशरी पाणी खाली गळत होतं.

आम्हा सहाही जणींना एकच रस्ता दिसत होता: मुंब्रा बायपासचा उतार. साखळ्यांनी दांडा धरलाही असता, पण आमटी धरली नसती, आणि कॅन्टीनही.

शोभा रडायला लागली. "मीच वाहिली फुलं. देवच समजून वाहिली हो."

"मग काय वाईट केलं?" मिस्त्री गोळा पुसत म्हणाले. "देव हायच त्यो. पर देवाच्या डोस्क्यावर फूल ठेवायचं आसतं, आन् वरनं टोपी घालून दाबायचं नसतं."

रडता रडता ती अशी हसली की तिच्या हातातला नारळ खाली पडला आणि फुटला. "फुटला! चला, शुभ झालं," दुसरी म्हणाली. त्यावर सगळ्याच सुटल्या. मीही. इतका वेळ छातीत धरून ठेवलेलं हसू होतं ते.

मिस्त्री बाजूला झाले. मला वाटलं, आता जोडून देतील. त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं. "तुमी. पयल्यापासनं."

मी पुसलं, ग्रीस लावलं, जोडलं, खटका दाबला, आणि कुणी सांगायच्या आत जॅक फिरवला. जीपची मागची बाजू वर आली. जेवण दहा मिनिटं उशिरा लागलं. मॅनेजरांनी श्रीखंड तीनदा घेतलं, तेव्हाच मला निकाल कळला.

रस्ताभर मिस्त्रींनी तो विषय काढला नाही. नंतरही कधी काढला नाही. फक्त पुढच्या प्रत्येक खंडेनवमीला सहाच्या ठोक्याला ते आमच्या दारात उभे असायचे. नारळ घेऊन, न बोलावता. शोभा फुलांचं ताट हातात धरून त्यांच्याकडे बघायची. ते मान हलवायचे, मग ती फुलं वाहायची.

यंदा ज्येष्ठात त्यांची शेड गेली. त्या जागी मोठी इमारत येतेय. वय बहात्तर, गुडघे कुरकुरणारे. ते म्हणाले, गावी जातो, तिकडं ट्रॅक्टरवाले कमी न्हाईत. निघायच्या दिवशी सकाळी ती फळी घेऊन आमच्याकडे आले, तिन्ही कपलिंगांसकट. "मला नेऊन काय करायची? तिकडं समद्यांना पिनच लागती."

मी तेव्हा गाडी जोडत होते. ते हात पाठीमागे बांधून उभे राहिले. माझं सगळं आटोपलं तरी गप्प.

"आज काही बोलला नाहीत?" मी विचारलं.

"तुमी आधीच उचललंत की," ते म्हणाले आणि टेंपोकडे गेले. टेंपोवाल्याने सामानाला दोरी आवळली होती. मिस्त्रींनी ती धरून असा हिसका दिला की टेंपो डोलला. मग चढून बसले.

फळी आता आमच्या स्वयंपाकघरात आहे. हुकाला झारे अडकवतो. पिनेला कॅलेंडर. गोळ्यावर काही राहत नाही, म्हणून तो नुसताच पुसतो.

तर ग्रीस लावून झालं. वाटीतून एक खडा निघाला, शेंगदाण्याएवढा. गोळ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली, हात साबणाने दोनदा धुतले, तरी वास आहे. शोभाने झेंडू आणून पाण्यात ठेवलाय.

१ ऑक्टोबर, बुधवार. पावणेसहाला जोडलं. उचलून बघितलं, जीप वर आली. सहाच्या ठोक्याला शोभा ताट घेऊन माझ्याकडे बघत उभी. मी मान हलवली.

"कुठे वाहू, ताई?"

"आधी जॅकला."

तिने जॅकच्या दांडीवर दोन फुलं ठेवली, टपोरी, देठासकट. फार छान दिसलं. मी फोटो काढला आणि गावी मिस्त्रींना पाठवला. फोटो उघडायला त्यांना नातीने शिकवलंय. नारळ फोडून आम्ही चढतोय तोवर उत्तर आलं. एकच ओळ.

"साखळी दिसत नाही."

सव्वासहा झाले होते. मी खाली उतरले, नव्या साडीचा पदर खोचला, रस्त्यावर गुडघे टेकले आणि साखळीचा फोटो काढला.