पलीकडची खोली

समोर भिंत आली की तो एक डोळा मिटायचा, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट धरायचा आणि म्हणायचा, "जागा कमी नसते हो, बघणारा कमी पडतो." डोंबिवलीत आमच्या शेजारी एका खोलीत संसार करणाऱ्यानं हे म्हणावं! तुम्हालाही भेटली असतील अशी माणसं. घरमालकांना ती फार आवडतात.

नोकरी सांभाळून तो फोटो काढायचा. एकदा त्यानं ठाण्यातल्या एका बंगल्यातली खोली टिपली, तुकड्यातुकड्यांनी भिंतीएवढी छापली आणि प्रदर्शनाच्या छोट्याशा दालनात मागच्या भिंतीवर चिकटवली. फोटोतल्या फरशीला जुळणारी फरशी खाली कागदावर रंगवली. दारातून पाहिलं की वाटे, दालनापुढे आणखी एक खोली आहे. खिडकी, पलंग, सगळं खरं.

उद्घाटनाचे पाहुणे चपला काढून सरळ त्या खोलीत निघाले आणि कपाळ आपटून परतले. तरी भाषणात म्हणाले, "हा अवकाशापलीकडचा अवकाश आहे." कुणालाच काही कळलं नाही, त्यामुळे टाळ्या जोरात पडल्या. एका बाईंनी मला हळूच विचारलं, "संडास आतच आहे का हो?"

शेवटच्या दिवशी त्याची बायको आली. वहिनींचे वडील शहाडला अर्धांगवायूनं पडून होते, एकटेच. जागा नाही म्हणून त्यांना आणणं लांबत चाललं होतं. वहिनी फोटोपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

"पलंग छान आहे," त्या म्हणाल्या. "बाबांना उद्या आणून इथेच झोपवू या?"

आम्ही हसलो. तो म्हणाला, "अगं, फोटो आहे तो."

"मला दिसतंय. तुम्हाला दिसतंय ना?"

दोनेक महिन्यांत त्यानं टिटवाळ्याला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. डिपॉझिटपायी कॅमेरा गेला. मी भेटायला गेलो तेव्हा तो सासऱ्यांची दाढी करत होता. "स्टेशन लांब, पाणी एक वेळ," असं मोठ्या अभिमानानं सांगत होता.

सासऱ्यांच्या आधी तोच गेला, अचानक. घरात त्याचा एकही फोटो निघाला नाही. शेवटी रेल्वेच्या पासच्या ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. कान धूसर होऊन पार विरघळले होते.

मी गेलो तेव्हा म्हातारे त्याच्याकडेच बघत होते. लेकीला म्हणाले, "अगं, जावईबापूंना बसायला सांग. कधीचे उभे आहेत."

वहिनींनी खुर्ची भिंतीजवळ सरकवली.