जंगलाकडचा झिरा

मुलचेऱ्याच्या वाटेवर गाडी तापली, म्हणून पाणी शोधत मी नदीत उतरलो. पात्र कोरडं होतं. एक बाई शेताकडच्या काठावरून पाण्याची गुंडी घेऊन आली, सगळी वाळू तुडवत जंगलाकडच्या काठाशी गेली आणि हातांनी वाळूत पाण्यासाठी खड्डा, म्हणजे झिरा, उकरू लागली. पहिलं गढूळ पाणी तिने वाटीने उपसून टाकलं, आणि उरलेलं निवळेपर्यंत थांबली.

वाळू तर दोन्हीकडे सारखीच. मी विचारलं, "बाई, तिकडे शेताकडेच का नाही खोदलं?"

"तिकडं जुना झिरा हाये. पेऊन पाहा."

मी खरंच जाऊन चाखलं. पाणी मचूळ होतं, जिभेवर खारट चव राहिली. परतलो तेव्हा तिने आपली वाटी पुढे केली. हे पाणी गोड होतं.

"उन्हाळी धानाले मोटरा लागल्या, तशी नदीची धार तुटली," ती म्हणाली. "आता तिकून वावरातलं खताचं पानीच पाझरते. इकून जंगलाचं येते."

पलीकडे धान हिरवंगार डोलत होतं. "कोणाचं वावर आहे ते?"

"आमचंच हाये जी."

आणि जंगलाचं पाणी डोक्यावर घेऊन ती त्याच वावराकडे निघाली.