आण्णांनी मागितलेला फिल्डर

आण्णा बाजारात ज्या दोडक्याला नावं ठेवत, तोच दोडका संध्याकाळी त्यांच्या ताटात असे. "ह्याला काय दोडका म्हणायचं? जनावराला घातला तर जनावर तोंड फिरवंल," असं म्हणून ते टोपलीकडं चक्क पाठ करून उभे राहत. भाजीवाली वैतागून "घेऊन टाका बाबा एकदाचा" म्हणेपर्यंत हलत नसत. उलट एखाद्या मालाची त्यांनी तोंडभरून स्तुती सुरू केली, की ओळखावं, हा माल आण्णांच्या वखारीत बरेच दिवस पडून आहे. सांगलीच्या हळदीच्या पेठेत त्यांचं वडिलोपार्जित दुकान होतं. मला म्हणायचे, "मास्तर, पाहिजे त्या मालाकडं बघायचंच न्हाई. आपला डोळा लागला, की त्याचा भाव चढला."

मी मास्तर कराडच्या शाळेतला. आण्णांशी गाठ पडली ती क्रिकेटमुळं, कारण सांगलीच्या आमच्या क्लबाचे ते कॅप्टन होते. साठ सालानंतरचे ते दिवस. काथ्याची मॅट अंथरायची, चारी कडांना खिळे ठोकायचे आणि दर रविवारी कुठल्या तरी गावाशी मॅच खेळायची. आण्णा डोक्यावर काळी टोपी घालून पहिल्या स्लिपमध्ये उभे राहत, कारण तिथं पळावं लागत नाही. पायाजवळून चेंडू निघून गेला, तर त्याच्याकडं अशा काही तुच्छतेनं बघत, की आपलाच चेंडू वाईट पडला असं बोलरला वाटावं.

घराणं जैन, त्यामुळं सूर्य मावळायच्या आत जेवण आटोपायचं हा त्यांचा नेम. एकदा मॅच अगदी रंगात आली होती, शेवटची जोडी खेळत होती, आणि आण्णांनी पश्चिमेकडं बघितलं, बॅट काखेत मारली आणि तंबूची वाट धरली. अंपायर ओरडला, "आवं आण्णा, तुमी आउट न्हाई!" आण्णा न थांबता म्हणाले, "आउट न्हाई रं, उपाशी हाय." त्या दिवशी आम्ही हरलो. आण्णा मात्र पोटभर जेवले.

तर अशा या माणसानं मला एकदा विकलं. विकलं म्हणजे बदल्यात दिलं. पण ते मनाला एकच लागतं.

झालं असं, की आमची मॅच साताऱ्याला होती. तिथलं मैदान उताराचं. खालच्या अंगाला सीमेवर उभं राहिलेल्या माणसाला विकेटीवरच्या नुसत्या बेल्स दिसतात, बाकी सगळं चढाआड. त्यांचा एक गडी पायात गोळा आल्यामुळं बाहेर गेला आणि त्याच्या जागी एक बारकासा, काळासावळा पोरगा त्या खालच्या अंगाला येऊन उभा राहिला. मी त्या वेळी अप्रतिम खेळत होतो. हे मलाच सांगावं लागतंय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. माझा कव्हर ड्राइव्ह उतारावरून घरंगळत खाली गेला. एक धाव काढली, म्हटलं, खालून वर फेकतोय, त्याला विकेट दिसतसुद्धा नाही, दुसरी आरामात होईल. अर्ध्यावर पोहोचलो आणि समोर खाडकन आवाज झाला. मधली विकेट उपटून पडली होती.

मी धुसफुसत तंबूत आलो. आण्णा पाठ फिरवून बसले होते आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणत होते, "काय पोरगं हाय! लय ढिलं. चेंडू उचलताना वाकतंय बघा म्हाताऱ्यावाणी." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आण्णांचा डोळा लागला होता.

त्याचं नाव यशवंत. साताऱ्यात एका छापखान्यात कामाला होता. चहाच्या सुट्टीत तो जरा बाजूला, झाडाखाली बसला आणि पिशवीतून स्वतःचा पेला काढला. त्याच्या घरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धर्म घेतला होता, पण तंबूतल्या माठापाशी ते कुणाच्या ध्यानात राहत नसे. आण्णाही घरून गाळून आणलेलं पाणी घेऊन त्याच झाडाखाली जाऊन बसले. त्या मैदानावर स्वतःचं पाणी पिणारे ते दोघंच. आण्णा स्वतःच्या धर्मामुळं आणि यशवंत दुसऱ्यांच्या धर्मामुळं.

"का रं, तुला अकरात घेत न्हाईत?" आण्णांनी विचारलं.

"कुणी जायबंदी झाला तर घेत्यात."

"आन न्हाई झाला तर?"

"मंग मॅट गुंडाळायची." तो हसला, पण हसण्यात काही राम नव्हता. "एकदा पयल्या चेंडूपासनं शेवटच्या चेंडूपर्यंत खेळायचं हाय, आण्णा. ह्या सीझनला जमलं तर जमलं. न्हाईतर मुंबैला भाऊ हाय, गिरणीत लावतो म्हणतोय. मंग कुठला खेळ अन् कुठलं काय!"

त्या काळी क्लब बदलायची एक रीत होती. दोन्ही कॅप्टनांनी चारचौघांत हातावर हात मारला, की गडी बदलला. साताऱ्याचे कॅप्टन एक वकीलसाहेब होते. कोर्टात आणि मैदानात दोन्हीकडं अपील करायची त्यांना भारी हौस. मॅच संपल्यावर आण्णा त्यांच्याकडं गेले आणि त्यांनी थेट मागितला कोण, तर त्यांचा सलामीचा बॅट्समन जोशी!

"जोशी गेला तर मला क्लब बंद करावा लागेल, आण्णासाहेब," वकील म्हणाले.

"मंग ऱ्हायलं," आण्णांनी असा सुस्कारा सोडला, की मलाच वाईट वाटलं. "मी बदल्यात आमचा मास्तर द्यायला निघालो हुतो. तुमच्याच जिल्ह्यात नोकरीला हाय. ह्याचा कव्हर ड्राइव्ह बघितलासा न्हवं? मनगट बघा ह्याचं! सतार वाजवणाऱ्याचं मनगट हाय ते. आन धावचीत झाला तो काय आउट म्हणायचा व्हय?"

मी संकोचानं मान खाली घातली, पण छाती फुगली होती. आण्णांची स्तुती म्हणजे काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी वखारीत पडून राहिलेला माल आपणच, असं कुणाच्या मनात येतं?

वकील माझ्या मनगटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर आम्हाला द्या. जोशी सोडून कुणीही घ्या."

आण्णांनी आभाळाकडं बघितलं, दाढी खाजवली, जांभई दिली. "आता कोण घ्यायचा? बरं, तो मॅट गुंडाळणारा द्या. आमच्यात तेवढाच माणूस कमी हाय. खेळायला न्हाई आलं तरी मॅट तरी गुंडाळंल." सगळा तंबू हसला. हातावर हात पडला. मी मागं वळून बघतो, तर यशवंत मॅटचं भेंडोळं खांद्यावर घेऊन उभा. त्यानं ते हळूच खाली ठेवलं, पिशवी उचलली आणि निघून गेला.

परतीच्या एसटीत आण्णा खुशीत होते. "रुसू नका मास्तर. सौदा लय झकास झाला."

मी आधीच चिडलेला. म्हटलं, "आण्णा, हळदीच्या पोत्याला कान नसतात. त्याला आहेत. त्यानं सगळं ऐकलं."

आण्णांचा चेहरा उतरला. 

व्हायचं तेच झालं. यशवंतानं निरोप धाडला, की मी येत नाही, मी मुंबईला चाललो. लगेच आण्णा कराडला माझ्या शाळेच्या दारात हजर. "चला मास्तर, माझ्या एकट्याच्यानं व्हायचं न्हाई." आम्ही साताऱ्याला त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं पाणी पुढं केलं आणि तांब्या तसाच हातात धरून ती थांबली. आण्णा म्हणाले, "माय, तेवढं गाळून द्या, मंग पितो." तिनं धुतलेलं फडकं लावून गाळून दिलं. आण्णांनी घटाघटा पिऊन आणखी मागितलं.

मग मुख्य काम. आण्णा घसा खाकरून म्हणाले, "तुझा थ्रो बरा हाय."

"बरा म्हंजे?" यशवंत भिंतीला टेकून उभा होता.

"म्हंजे… वाईट न्हाई."

मी आण्णांना कोपर मारलं. जन्मभर पाहिजे त्या मालाला नावं ठेवलेली जीभ, ती सरळ वळता वळेना. शेवटी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून ते म्हणाले, "लय चांगला खेळतोस गड्या. मी लबाडी केली."

यशवंत शांतपणे म्हणाला, "हितं घरात बोलून काय उपेग, आण्णा? जिथं बोललासा तिथं बोला. चारचौघांत."

 वकिलांसमोर खरं बोलायचं, म्हणजे सौद्यावर पाणी सोडायचं. माल सोन्याचा आहे हे कळल्यावर तो कोण देतो?

परतीची मॅच सांगलीला व्हायची; पण आमच्या मैदानावर सर्कस उतरली होती, म्हणून पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा साताऱ्यालाच गेलो. यशवंत पिशवी घेऊन तंबूच्या दोरीपाशी उभा होता. आण्णा सरळ मधोमध गेले, टोपी काढली आणि म्हणाले, "वकीलसाहेब, गेल्या रविवारी मी खोटं बोललो. हा यशवंता तुमच्या-माझ्या दोन्ही टीमांत एक नंबरचा फिल्डर हाय. तुमाला फसवून न्यायचा हुता मला. मॅट गुंडाळंल म्हणालो, ती माझी जीभ सडकी. यशवंता, माफी कर बाबा."

 मग वकील उठले. "असं होय! मग सौदा मोडला. यशवंत आमच्याकडंच राहील, आणि आजपासून अकरात राहील."

"वकीलसाहेब," यशवंत म्हणाला, "मी दोन वर्सं हितंच हुतो की. तुमाला आज दिसलो व्हय? मला कुणी इचारलंच न्हाई अजून. मी सांगलीकडनं खेळणार."

वकिलांचा चेहरा लाल झाला. अपिलाला जागाच नव्हती. त्यांनी रागारागानं आण्णांच्या हातावर हात मारला आणि म्हणाले, "न्या त्याला! आणि हा तुमचा सतारवालाही परत न्या, आम्हाला नको!"

अशा रीतीनं मी स्वगृही परत आलो. आण्णांनी त्या दिवशी मलाच बारावा गडी केलं. यशवंत पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत खेळला. जोशी त्याच्याच थ्रोवर धावचीत झाला, तेव्हा स्लिपमधून आण्णा असे काही नाचले, की त्यांची टोपी विकेटकीपरच्या पायात पडली. संध्याकाळी मॅट गुंडाळायचं काम ओघानंच माझ्याकडं आलं, आणि ती मेली भलतीच जड असते.

पुढं आण्णांनी यशवंताला सांगलीतल्या छापखान्यात लावून दिलं आणि तो बरीच वर्षं आमच्याकडून खेळला. आण्णा म्हातारे होऊन गेले, तेव्हा पेठेत शोकसभा झाली. एकेक जण उठून सांगू लागला, आण्णा म्हणजे सरळ माणूस, आण्णा म्हणजे सत्यवचनी. हे आपण कुणाबद्दल ऐकतोय, असं मला होऊन गेलं. शेवटी यशवंत उठला. त्याचेही केस पिकले होते.

"आण्णा लय लबाड हुते," तो म्हणाला. सभेत चुळबुळ झाली. पुढच्या रांगेतली त्यांची मुलंच आधी हसली.  मग यशवंत म्हणाला, "मला त्यांनी मॅट गुंडाळायला म्हणून मागितलं. पण तवर मला कुणी मागितलंच न्हवतं."